यकृताची गोळी आणि तिची परीक्षा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



महोत्सवाच्या व्याख्यानमालेत मी बोलावे असा निरोप घेऊन आपले चिटणीस घरी आले, तेव्हा विषय त्यांनी माझ्यावरच सोपविला होता. शाळामास्तर आहे, तेव्हा शिक्षणावर नाहीतर मुलांच्या वळणावर चार शब्द बोलेल, अशी त्यांची अटकळ असावी. यकृताच्या सुजेवर निघालेल्या नव्या गोळ्यांविषयी बोलतो, असे मी म्हणताच त्यांनी हातातला कप बशीत ठेवला व विचारले, "सर, आपण विज्ञान शिकविता हे ठाऊक आहे, पण डॉक्टरी कधीपासून?" प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर नाही. वडोदऱ्याच्या एका शाळेत वीसेक वर्षे विज्ञान व गणित शिकवितो, एवढाच माझा अधिकार. आणि आज मला जे सांगावयाचे आहे त्यातला बराच भाग गणिताचाच आहे. शिवाय याच ट्रस्टच्या पुस्तकपेढीतून बी.एस्सी.ची तीन वर्षे मी पुस्तके नेली आहेत. सारी परत केली, एक हरवले, त्याचे पैसे भरले. तरी ऋण फिटले असे वाटत नाही.

विषय निवडण्याचे खरे कारण मात्र घरचे आहे, ते आधी सांगितलेले बरे.

माझे थोरले बंधू, आम्ही सारे त्यांना भाई म्हणतो, एका कारखान्यात फिटर होते. २०१९ साली कारखान्याच्या वार्षिक तपासणीत त्यांचे रक्त तपासले गेले व पोटाची सोनोग्राफी झाली. 'फॅटी लिव्हर, ग्रेड दोन' असा शेरा आला. भाईंचे वय तेव्हा ५४. मधुमेह आठ वर्षांचा, पोट थोडे सुटलेले, एरवी माणूस धडधाकट. ज्या डॉक्टरांना तो कागद दाखविला त्यांनी "हे हल्ली सगळ्यांनाच असते, तेलकट कमी खा" असे म्हणून तो परत दिला. कागद कपाटातल्या फायलीत गेला. २०२३ साली पावसाळा संपता संपता भाईंच्या पायांवर सूज आली, पोटात पाणी झाले आणि एके रात्री रक्ताची उलटी झाली. रुग्णालयात नेले. तेथील तरुण डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "किती वर्षांपासून पिता?"

भाईंनी उभ्या जन्मात दारूला हात लावलेला नाही. आमच्या घरात ती हराम, आणि राज्यात बंदी. राज्यातली बंदी कशी असते हे आपणां सर्वांना ठाऊक आहे, म्हणून त्या डॉक्टरांना मी फारसा दोष देत नाही. परंतु भाईंनी उत्तर दिले नाही. तोंड भिंतीकडे फिरविले. त्या मौनाचा जो अर्थ लागावयाचा तो लागला, आणि रुग्णालयातून मोहल्ल्यातही पोहोचला. पाच वक्तांचा नमाजी, आणि आतून पाहा काय, अशी कुजबूज झाली. अम्मी तेव्हा हयात होत्या. मुलाच्या वतीने शेजारणींपुढे शपथ घेण्याची पाळी त्यांच्यावर आली. आजाराने मला मोडले नाही, त्या बोलण्याने मोडले, असे भाई आजही म्हणतात.

आता हा रोग म्हणजे काय ते पाहू. यकृत हे उजव्या बरगड्यांखाली बसलेले, सुमारे दीड किलो वजनाचे इंद्रिय. खाटकाच्या दुकानात ज्यांनी ताजी कलेजी पाहिली असेल (शाकाहारी मंडळींनी क्षमा करावी) त्यांना तिचा गडद तांबूस रंग आठवेल. चरबी साचलेले यकृत तसे दिसत नाही. ते पिवळट, फुगीर आणि हाताला तेलकट लागते. ही चरबी येते कोठून? तेल खाल्ले आणि ते यकृतावर चढले, इतका सरळ मामला नाही. शरीरावर इन्सुलिनचा अंमल ढिला पडला म्हणजे पोटाभोवतीच्या चरबीतून स्निग्धाम्ले सुटून यकृताकडे येतात. आणि गरजेहून अधिक साखर येत राहिली की यकृत स्वतःच तिची चरबी बनविते. तेव्हा आपल्या वडोदऱ्याच्या शेव-उसळीला एकटीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. तिच्यावर जी गोड पेयाची बाटली रिकामी होते तिचा वाटाही मोठा असतो.

बहुतेकांचे दुखणे या चरबीपाशीच थांबते. काहींच्या यकृतात मात्र चरबीने भरलेल्या पेशी फुगतात, मरतात, आणि तेथे सूज येते. सूज वर्षानुवर्षे राहिली की मेलेल्या पेशींच्या जागी तंतू भरतात, जखमेचा वण राहतो तसे. या वणांची मोजणी शून्य ते चार अशी करतात. चौथी पायरी म्हणजे सिऱ्होसिस. यकृत आक्रसून गाठाळ होते. भाई थेट त्या पायरीवर सापडले. आधीच्या साऱ्या पायऱ्या न बोलता गेल्या, कारण यकृत दुखत नाही. भारतातील अनेक पाहण्या एकत्र करून २०२२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात प्रौढांपैकी सुमारे ३८ टक्के लोकांच्या यकृतात जादा चरबी असल्याचा अंदाज निघाला. या सभागृहात तीनशे खुर्च्या आहेत. हिशेब आपणच करावा. मात्र त्यातले थोडेच पुढच्या पायऱ्यांवर जातात हेही लक्षात ठेवावे.

या रोगाला नाव मिळाले ते १९८० साली. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये युर्गेन लुडविग नावाचे विकृतिशास्त्रज्ञ होते. २० रुग्णांच्या यकृताचे तुकडे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तुकडे हुबेहूब मद्यपींचे, आणि रुग्ण तर पीत नव्हते. तेव्हा त्यांनी 'मद्येतर यकृतदाह' अशा अर्थाचे नाव दिले. त्याचे इंग्रजी आद्याक्षरांचे रूप 'नॅश'. नाव शास्त्रशुद्ध होते, पण त्याची सुरुवातच दारूच्या उल्लेखाने होत होती. "हा चोर नाही" अशी ओळख करून दिल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात पहिला शब्द कोणता राहतो? जून २०२३ मध्ये जगातील यकृततज्ज्ञांच्या संस्थांनी मिळून ते नाव बदलले. आता त्याला चयापचयाच्या बिघाडातून होणारा यकृतदाह, थोडक्यात 'मॅश' म्हणतात. जुन्या नावाने रुग्णाच्या माथी कलंक येतो, हे एक कारण त्यांनी उघडपणे दिले आहे. भाई रुग्णालयात गेले ते त्यानंतर काही महिन्यांनी. नवे नाव तोवर त्या प्रश्नापर्यंत पोहोचलेले नव्हते.

१९८० साली नाव, आणि या रोगासाठी म्हणून अमेरिकेने मंजूर केलेली पहिली गोळी २०२४ साली. मध्ये ४४ वर्षे गेली. एवढा उशीर का, हे समजले म्हणजे गोळीची किंमत कळते. माझ्या समजुतीने उशिराचे मुख्य कारण असे, की या रोगावरच्या गोळीची परीक्षा फार अवघड आहे.

आपण शाळेत परीक्षा कशी घेतो? उत्तरपत्रिकेवर नाव नसते, तपासणाऱ्याला मुलगा कोणाचा हे कळू देत नाहीत. औषधाचेही तसेच करतात. निम्म्या रुग्णांना खरी गोळी, उरलेल्यांना अगदी तशीच दिसणारी कोरी गोळी. कोणाला कोणती मिळाली हे ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरांना. आता कोऱ्या गोळीने कोणी बरे होईल काय? होते! परीक्षेत नाव घातले म्हणजे माणूस चार पावले अधिक चालतो, मिठाई एकदा कमी खातो. दुसरे असे, की यकृत सुधारले की नाही हे पाहण्यासाठी सुईने त्याचा तुकडा काढावा लागतो, औषधापूर्वी एकदा व वर्षभराने पुन्हा. तो तुकडा म्हणजे साऱ्या यकृताचा जेमतेम पन्नास हजारावा हिस्सा. पोत्यातले दोन दाणे पाहून धान्याची पारख करण्यासारखे हे आहे. एकदा किडका दाणा हाती आला व पुढच्या वेळी चांगला आला, तर औषध न देताही सुधारणा झाल्यासारखी दिसते. म्हणून औषधाचे खरे गुण म्हणजे त्याचे गुण वजा कोऱ्या गोळीचे गुण. ही वजाबाकी मनात ठेवून पुढचे ऐकावे. आणि ज्या हजारो अनोळखी माणसांनी स्वतःला कोणती गोळी मिळते आहे हे ठाऊक नसताना दोनदोनदा पोटात सुई घेतली, त्यांचीही आठवण ठेवावी.

या परीक्षेत नापास झालेल्यांची यादी लांब आहे. सेलोनसर्टिब नावाची गोळी पेशींच्या मरणाचा संदेश अडविणारी. तर्क सुंदर होता, २०१९ मध्ये दोन मोठ्या परीक्षांत ती कोऱ्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. फ्रान्सची एलाफिब्रानोर २०२० मध्ये बसली. १०७० रुग्णांत तिने १९.२ टक्क्यांची सूज निवली, कोऱ्या गोळीने १४.७ टक्क्यांची. वजाबाकी साडेचार, एवढ्यावर पास करता येत नाही. (हीच एलाफिब्रानोर पुढे २०२४ मध्ये पित्तनलिकांच्या एका निराळ्या रोगासाठी मंजूर झाली. एका विषयात नापास झालेला मुलगा दुसऱ्यात चमकतो, हे आम्हां मास्तरांना नवीन नाही.)

ओबेटिकोलिक आम्लाची गोष्ट अधिक चटका लावणारी आहे. पित्ताम्लापासून बनविलेली ही गोळी. मोठ्या परीक्षेत वणांची पायरी २३ टक्के रुग्णांत खाली आली, कोऱ्या गोळीवर १२ टक्क्यांत. म्हणजे काम ती खरोखर करीत होती. पण निम्म्या रुग्णांच्या अंगाला खाज सुटली आणि रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढले. आपणांस वाटेल, यकृत वाचत असेल तर थोडे कोलेस्टेरॉल वाढले म्हणून काय बिघडले? परंतु चरबीच्या यकृताचे रुग्ण सर्वांत जास्त संख्येने मरतात ते यकृताने नव्हे, हृदयविकाराने. यकृत सावरून हृदय धोक्यात घालणारा सौदा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये नाकारला, २०२३ मध्ये पुन्हा नाकारला, आणि कंपनीने या रोगासाठीचे ते काम सोडले.

आता उत्तीर्ण झालेल्या गोळीकडे येऊ. तिचे नाव रेस्मेटिरोम. तिची कल्पना थायरॉईड ग्रंथीच्या रसातून निघाली. येथे बसलेल्या कित्येक भगिनी सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची गोळी घेतात. तो रस शरीरातली भट्टी फुलवितो. यकृतात पोहोचला की तेथील चरबी जाळतो, कोलेस्टेरॉल उतरवितो. मग तोच जास्त का देऊ नये? कारण तो हृदयही धावडवितो आणि हाडे झिजवितो. डेक्स्ट्रोथायरॉक्सिन नावाचे त्याचे एक रूप कोलेस्टेरॉल उतरविण्यासाठी हृदयरुग्णांना देऊन पाहिले गेले होते. ते घेणाऱ्यांत मृत्यू अधिक दिसल्याने १९७२ च्या सुमारास तो प्रयोग गुंडाळावा लागला. (म्हणून भगिनींना विनंती, यकृतासाठी म्हणून आपली थायरॉईडची गोळी मनाने वाढवू नका.)

पुढे उलगडा असा झाला, की या रसाची कुलपे शरीरात दोन जातींची आहेत. हृदयात व हाडांत मुख्यतः अल्फा, यकृतात मुख्यतः बीटा. तेव्हा फक्त बीटा कुलूप उघडणारी किल्ली घडवावयाची. दोन्ही कुलपे जवळजवळ सारखी, म्हणून किल्ली घडविणे महाकठीण. एप्रोटिरोम नावाची एक स्वीडिश किल्ली अखेरच्या परीक्षेपर्यंत पोहोचली होती, पण दीर्घकाळ ती दिलेल्या कुत्र्यांच्या सांध्यांतल्या कूर्चा खराब झाल्याचे आढळले आणि २०१२ मध्ये परीक्षा मध्येच थांबली. रेस्मेटिरोमचा रेणू रोश कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्मला. कंपनीने त्यातला रस सोडला, पण तेथे काम केलेल्या डॉ. रिबेका टॉब यांनी सोडला नाही. मॅड्रिगल नावाच्या लहानशा कंपनीतून त्यांनी तो पुढे नेला. ही किल्ली बीटा कुलपालाच नेमकी बसते, आणि यकृताच्या पेशी तिला आपणहून आत ओढून घेतात, त्यामुळे हृदयाकडे थोडीच उरते.

तिच्या परीक्षेत ९६६ रुग्ण होते, मुदत ५२ आठवडे, रोज एक गोळी. मोठ्या मात्रेवर २९.९ टक्के रुग्णांची सूज निवली, कोऱ्या गोळीवर ९.७ टक्क्यांची. वजाबाकी करा: वीस. म्हणजे पाच जणांनी वर्षभर गोळी घेतली, तर तिच्या पुण्याईने एकाची सूज जाते. वणांची पायरी २५.९ टक्क्यांत खाली आली, कोऱ्या गोळीवर १४.२ टक्क्यांत, वजाबाकी साडेअकराच्या आसपास. वाईट कोलेस्टेरॉल वाढण्याऐवजी सुमारे १६ टक्के उतरले. सुरुवातीस जुलाब व मळमळ, एवढी तक्रार ठळक. या निकालावर मार्च २०२४ मध्ये अमेरिकेने आणि ऑगस्ट २०२५ मध्ये युरोपने तिला मंजुरी दिली. मंजुरी सशर्त आहे: सूज व वण कमी झाले म्हणून पुढे मृत्यू, जलोदर, यकृतारोपण खरोखर टळतात काय, हे दीर्घ मुदतीच्या परीक्षेत दाखवावयाचे आहे. आणि ती दिली गेली फक्त दुसऱ्या व तिसऱ्या पायरीच्या रुग्णांसाठी.

वीस टक्के ऐकून काहींचा विरस झाला असेल. माझा झाला नाही. ज्या वर्गात ४४ वर्षे कोणी पास झाले नव्हते, तेथे पहिला मुलगा तिसऱ्या वर्गात पास झाला, तरी हेडमास्तर पेढे वाटतात. मात्र पेढे फार महाग आहेत. अमेरिकेत २०२४ साली तिची छापील किंमत वर्षाला ४७,४०० डॉलर होती. तेव्हाच्या दराने ३९ लाख रुपयांहून अधिक. आपल्या ट्रस्टच्या वैद्यकीय मदतनिधीच्या खजिनदारांनी हा आकडा ऐकताच पाण्याचा ग्लास उचललेला मी येथून पाहिला.

आणखी काही गोळ्या रांगेत आहेत. फ्रान्सची लानिफिब्रानोर २०२१ साली २४७ रुग्णांच्या मधल्या परीक्षेत चमकली. मोठ्या मात्रेवर ५५ टक्क्यांत रोगाची धग उतरली, कोऱ्या गोळीवर ३३ टक्क्यांत. पण काहींचे वजन वाढते. यकृताचा चरबी बनविण्याचा कारखानाच बंद करू पाहणारी डेनिफानस्टॅट आहे. टोचण्याच्या औषधांत सेमाग्लुटाइड ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत या रोगासाठी मंजूर झाले व त्याचे आकडे चांगले आहेत, परंतु आजचा विषय गोळ्यांचा असल्याने ते बाजूस ठेवतो.

एक गोळी मात्र आपल्या अगदी शेजारची. अहमदाबादच्या झायडस कंपनीने सॅरोग्लिटाझार हा रेणू आपल्याच प्रयोगशाळेत शोधला. २०१३ मध्ये मधुमेह्यांच्या रक्तातल्या चरबीसाठी व २०२० मध्ये या यकृतदाहासाठी भारतात त्यास मंजुरी मिळाली, म्हणजे अमेरिकेच्या चार वर्षे आधी. आपल्या देशात रेणू शोधण्यापासून गोळीपर्यंतचा सारा प्रवास घडावा, याचा मला मास्तर म्हणून अभिमान वाटतो. तरी गुणपत्रिका अभिमानाने तपासू नये. अमेरिकेत १०६ रुग्णांवर १६ आठवडे तिची परीक्षा झाली. यकृताचे एक विकर रक्तात सुमारे ४६ टक्के उतरले, यकृतातली चरबीही सुमारे पाचव्या हिश्शाने घटली. निकाल उत्तम, पण त्या परीक्षेत सुईचा तुकडा नव्हता, आणि मुदत चार महिन्यांची. वण कमी होतात काय, या प्रश्नाचे उत्तर त्या उत्तरपत्रिकेत नाही. डॉक्टरांनी दिली तर जरूर घ्यावी. शेजाऱ्याला लागू पडली म्हणून आपण होऊन आणू नये.

आपण होऊन आणावयाची सवय आपल्याकडे जबर आहे, म्हणून थोडे कटू बोलतो. औषधाच्या दुकानात फळीवर यकृताच्या टॉनिकच्या रंगीत बाटल्या असतात. भाईंनी २०१९ ते २०२३ पर्यंत असल्या बाटल्या नेमाने घेतल्या आणि यकृताची काळजी घेत असल्याचे समाधानही घेतले. कोऱ्या गोळीशी वजाबाकी करून पाहण्याची परीक्षा त्यातल्या बहुतेकींनी कधी दिलेली नाही. झाडपाल्याचे म्हणून निर्धास्त राहावे असेही नाही. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची हकीगत मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, वाद झाला. पण ज्याचे यकृत आधीच सुजलेले आहे त्याने त्या वादाच्या मध्ये उभे राहू नये. 'ई' जीवनसत्त्वाने मात्र परीक्षा दिलेली आहे. २०१० साली, मधुमेह नसलेल्या रुग्णांत, त्याने ४३ टक्क्यांचा यकृतदाह सुधारला, कोऱ्या गोळीने १९ टक्क्यांचा. वणांवर परिणाम दिसला नाही. मोठ्या मात्रेचे धोके असतात, म्हणून तेही विचारूनच घ्यावे.

गोळीविना काही होते काय? होते, आणि त्याचेही आकडे आहेत. क्यूबात २९३ रुग्णांना वर्षभर आहार व चालणे यांवर ठेवून आधी व नंतर यकृताचा तुकडा तपासला. २०१५ साली तो निकाल आला. ज्यांनी वजन दहा टक्के वा अधिक उतरविले त्यांतल्या ९० टक्क्यांची सूज गेली, ४५ टक्क्यांचे वण मागे हटले. असा निकाल रेस्मेटिरोमलाही आलेला नाही. मग गोळी हवी कशाला? तर दहा टक्के वजन उतरविणारे दहांत एकच निघाले. ऐंशी किलोच्या माणसाने आठ किलो उतरवून वर्षभर तसेच राहावयाचे, हे मोदक, शिरखुर्मा आणि लग्नसराईच्या पंक्तींमधून पार पाडावयाचे. माझ्या मते आळसापेक्षा हे आपल्या साऱ्या सामाजिक रीतीशी एकट्याने झगडणे आहे. म्हणून राहिलेल्या नऊ जणांना उपदेश करून भागत नाही, गोळी हवीच. आणि गोळी मिळाली तरी आहार व चालणे सुटत नाही. रेस्मेटिरोमही त्या जोडीनेच द्यावयाची आहे.

आता जे माझ्या अधिकारातले, ते गणित सांगतो. फळ्यावर लिहिले आहे. वय गुणिले एसजीओटी, हा अंश. प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ, हा छेद. प्लेटलेट हजारांत घ्यावयाच्या, म्हणजे रिपोर्टात १.३५ लाख असेल तर १३५. या भागाकाराला 'फिब-४' म्हणतात. उत्तर १.३ हून कमी आले तर वण बहुधा पुढे गेलेले नाहीत. पासष्टीच्या पुढे ही मर्यादा २ धरतात. २.६७ हून अधिक आले तर तज्ज्ञाकडे गेलेच पाहिजे. मधले आले तर फायब्रोस्कॅनसारखी तपासणी करून घ्यावी. हे निदान नव्हे, दारावरची घंटा आहे. पण तिला लागणारे आकडे साध्या रक्ततपासणीत आधीच छापलेले असतात.

भाईंच्या आजारपणात मी कपाटातून तो २०१९ चा कागद काढला. वय ५४, एसजीओटी ७२, गुणाकार ३८८८. एसजीपीटी ६४, वर्गमूळ ८. प्लेटलेट १३५, गुणाकार १०८०. भागाकार ३.६. रुग्णालयाच्या व्हरांड्यात, औषधाच्या पावतीच्या मागे, मी तो तीनदा केला. सातवीच्या मुलाला येईल असे गणित. चार वर्षे ते आमच्या कपाटात न सोडविता पडले होते, आणि घरात गणिताचा मास्तर होता.

मार्च २०२४ मध्ये नव्या गोळीची बातमी आली तेव्हा भाईंनी वर्तमानपत्र माझ्यापुढे धरून विचारले, "माझ्यासाठी निघाली का रे?" मला नाही म्हणावे लागले. ती दुसऱ्या-तिसऱ्या पायरीची. चौथीवर ती उपयोगी पडते काय याची परीक्षा निराळी चालू होती. त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली व म्हणाले, "मग ज्यांच्यासाठी निघाली त्यांना सांग." त्यांची प्रकृती सध्या पथ्यावर व औषधांवर सांभाळून आहे. आजचे भाषण त्यांच्या सांगण्यावरून आहे.

महोत्सवाच्या आरोग्य शिबिरात ट्रस्टने मला एक टेबल देऊ केले आहे. मधुमेह असलेले, कंबर सुटलेले, किंवा सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' असा शेरा आलेले जे कोणी असतील त्यांनी आपले जुने रिपोर्ट आणावेत; दोन वर्षांपूर्वीचे असले तरी चालतील. माझे दहावीचे चार विद्यार्थी वर्गमूळ काढावयास बसणार आहेत, उत्तर मी तपासून देईन, आणि ज्यांचे उत्तर मोठे येईल त्यांना शिबिरातल्या डॉक्टरांकडे पाठवीन. भाईही टेबलापाशी बसणार आहेत. येताना चष्मा विसरू नये.